चारशे रोहू

दुपारी बाराला मगदूमांचा रंगकारखाना बंद पडला. कारखान्याच्या नाल्यापाशी नदीत जितके मासे, तितकीच वीज, असा आता नियम होता. शेजारी पद्मजा उपाध्येंचा कारखाना मात्र तिन्ही पाळ्या धडधडे, आणि ती धडधड मगदूमांच्या छातीत सलत राही.

त्यांनी चारशे रोहू विकत आणून आपल्या नाल्यापाशी सोडले. मासे क्षणभर घुटमळले, मग वळून झुंडीने उपाध्येंच्या स्वच्छ पाण्याकडे गेले.

पद्मजाबाई कुंपणापाशी आल्या. “मगदूमसाहेब, आमची वीज वाढली की! तुम्हीच धाडलेत होय पाहुणे? आमचं पाणी गाळायचं यंत्र बघायला या एकदा.”

मगदूमांनी पाठ फिरवून मासेवाल्याला फोन लावला.

“आणखी आठशे पाठव. आणि या वेळी अडवायला जाळंही दे.”