पूजेतला व्हाइस

अंबडच्या वर्कशॉपमध्ये रंगनाथ मिस्त्रींचा कायदा एकच, लोखंड जबड्यात पकडणाऱ्या व्हाइसच्या दांडीला पाइप लावून आवळायचं नाही. कायदा त्यांच्या उस्तादांचा, आणि व्हाइसही मरणाआधी त्यांनीच दिलेला. पण गिऱ्हाइकापुढे ताकद दाखवायला मिस्त्रींनीच पाइप लावला आणि जबडा तडकला. उस्ताद असते तर शिव्या देऊन मोकळे झाले असते. पितळेचा डाग देऊन मिस्त्रींनी तो जोडला, तरी आवळताना जोड करकरायचा. “अप्पा, सुटला तर माझी बोटं जातील,” लेक हर्षाली म्हणायची. “खंडेनवमीनंतर ठरवू.” खंडेनवमीला हत्यारांना झेंडूचे हार पडले. दसऱ्यानंतर हार काढत ती व्हाइसपाशी आली. “त्याचा राहू दे.” “अप्पा, हार असेपर्यंत काम घेता येत नाही.” “माहितीये.” तिने शेजारी नवा व्हाइस बसवला. दिवाळीपर्यंत झेंडूचा भुगा झाला. भंगारवाल्याने जुन्या व्हाइसचं विचारलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “पूजेत आहे अजून, नंतर ये.”