पाण्याखालचं तरस

जुनी छापील चित्रं पाण्यात भिजवून त्यांवरचे पिवळे डाग काढायचे, हे तिचं रोजचं काम. आज ट्रेमध्ये पाण्याखाली तरस होतं. लांडगा, अस्वल आणि कोल्हा भिंतीला टेकून आपापल्या पाळीची वाट पाहत होते. सगळे एकाच जुन्या पुस्तकातले, बाजूने काढलेले; त्यामुळे प्रत्येकाचा एकच डोळा दिसायचा.

तरसाच्या नाकातून बुडबुडा वर आला.

कागदात हवा अडकते, त्यात नवल नव्हतं. पण हे बुडबुडे एका लयीत येत होते, आणि ती लय वाढत चालली होती.

"अगं, बाहेर काढ त्याला!" दारातून नवरा ओरडला.

"त्याला? कागद आहे तो. उभा जन्म यात गेला, आता छापलेल्या तरसाला भिणार होय मी?"

तिने बाह्या सरसावल्या आणि तळव्याने कागद तळाशी दाबला. खालून काहीतरी वर रेटू लागलं. तिने दुसराही हात लावला.

"गाठ माझ्याशी आहे."

बुडबुडे थांबले.

हात पुसत ती वळली. भिंतीशी लांडगा, अस्वल, कोल्हा तसेच होते. फक्त आता प्रत्येकाचे दोन्ही डोळे दिसत होते.

तिने कमरेवर हात ठेवले.

"बघता काय? पुढचा नंबर कुणाचा?"