वालधुनीचा तास

तेजलची जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक्स्चेंज सेमिस्टरसाठी निवड झाली, पण व्हिसा वेळेत आलाच नाही. "घरूनच ऑनलाइन करा, काही फरक पडत नाही," असं विद्यापीठाने कळवलं. मग ती उल्हासनगरच्या घरातूनच तासांना बसू लागली.

विषय होता 'शहरं आणि नद्या'. तिसऱ्याच तासाला प्रोफेसरांनी स्क्रीनवर उल्हासनगरमधल्या प्रदूषित वालधुनी नदीचा फोटो लावला आणि म्हणाले, "काठावरच्या लोकांना आता या वासाची सवय झाली आहे."

तेजलचं डोकंच सणकलं. माइक चालू करून ती म्हणाली, "सर, मी या काठावरच राहते. कुणालाही सवय झालेली नाही. माझ्या वडिलांना दमा आहे. आमची ही खिडकी वर्षभर बंद असते. बघायचंय का?"

तिने खाडकन खिडकी उघडली आणि लॅपटॉप बाहेर वळवला. खाली काळं पाणी, त्यावर फेस, आणि पाण्याला टेकून उभी असलेली घरं. वर्गातली चाळीस मुलं बघत राहिली.

 

मग प्रोफेसर म्हणाले, "तेजल, पुढच्या तासापासून बॅकग्राउंड ब्लर करून बसत जा. बाकीच्यांचं लक्ष जातं."