ओतून दिलेलं पाणी

पालक अजून थोडा उकळू दे, असं तिनं ठरवलं. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं म्हणून सकाळी नवऱ्यानं तिचा हात पाठीमागं पिरगाळला होता. त्या हातानं पळी धरवत नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं ढवळलं, गॅस मोठा केला, आणि पानांचा पार लगदा झाल्यावर हिरवं पाणी मोरीत ओतून दिलं.

या पाण्याबरोबर सत्त्व जातं, हे ती कामावर शिकली होती. भाज्या तपासायच्या एका प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुवायची. दारालगतच्या टेबलावरच्या मॅडम कच्ची भाजी तपासायच्या, शिजवलेली तपासायच्या आणि हळहळायच्या, की उकळलं की चांगलं ते पाण्यात उतरतं आणि लोक नेमकं तेच फेकतात. खिडकीजवळच्या टेबलावर आणखी काही मोजायचे. पण तिकडची भांडी दुसऱ्या बाईकडे होती, त्यामुळे हिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. ट्रकचं चाक एकटा उचलायचा. मागं एकदा ती थोरल्या बहिणीकडे कायमची जायला निघाली, बस स्टँडवर पोचलीही. त्यानं तिला भर गर्दीतून केसांना धरून फरफटत आणलं, घरी आणून दोन बरगड्या मोडल्या आणि शेजाऱ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडली. एवढ्या माणसांतला एकही पुढं झाला नव्हता. आपलं आपल्यालाच सुटायचंय आणि त्यासाठी अंगात बळ हवं, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं.

बहीण फोनवर रडली होती. "खोली रिकामीच आहे गं," ती म्हणाली होती. "तू फक्त एकदा त्याच्या हातातून सूट."

तेव्हापासून घरात दोन स्वयंपाक होत होते. त्याला लगदा. दाताखाली कचकच आलेली त्याला खपायची नाही, त्यामुळे संशय यायचा प्रश्नच नव्हता. तिला स्वतःला कच्चा पालक आणि कच्चं बीट, वाटून गाळून, सकाळी मोठा पेला, संध्याकाळी मोठा पेला. तो तिला शेळी म्हणू लागला. "चर, शेळे," म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा. चरू दे की, ती मनात म्हणायची. तू वाळत जा, मी भरत जाते.

वर्ष उलटलं आणि गुण दिसू लागला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिची अंगठी बोटात रुतली, गाल वर आले. खाल्लेलं अंगाला लागतंय हो, असं शेजारीण म्हणाली. आणि त्याचा मार हलका होत चालला. पूर्वी पट्टा बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आता नुसता आवाज यायचा, कळ अशी उठायचीच नाही. एकदा त्यानं तापलेलं पातेलं तिच्या दंडाला टेकवलं, तर तिला कातडी जळाल्याचा वास आधी आला आणि चटका मागाहून. मेल्यात दम उरला नाही आणि आपली कातडी निबर झाली, असं तिनं समजून घेतलं. त्या दिवशी ती कित्येक महिन्यांनी गुणगुणली.

मग तिनं पिशवी भरली. तो दुपारी जेवायला आला आणि पलंगाखालची ती पिशवी त्याला दिसली.

त्यानं तिची मान धरली. तिनं ठरवल्याप्रमाणं त्याचं मनगट धरलं.

"सोड," ती म्हणाली.

तो चकित झाला. इतक्या वर्षांत तिनं कधी उलट हात उचलला नव्हता. तिनं सगळं बळ एकवटून आवळलं आणि तिची बोटं आपोआप उघडली. त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीचा पोपडा खाली पडलेला तिला दिसला. मग तिला भडभडून उलटी झाली आणि ती कोसळली.

दवाखान्यात तो पुन्हा जिन्याबद्दल बोलला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं, तिचे वळ पाहिले, तिचा सुजलेला चेहरा दाबून पाहिला आणि तळपायाला टाचणी लावली.

"टोचलं?"

"कधी?" तिनं विचारलं.

त्याचा हात कधी हलका झालाच नव्हता, हे तिला तेव्हा कळलं.

तिची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती; अंगावरची सूज आणि बधिरपणा त्यातूनच आला होता. खाता काय, असं बाईंनी विचारलं आणि तिनं जरा अभिमानानंच रसाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, कच्च्या पालकात एक आम्ल असतं, रोज एवढं प्यायलं की त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात. "उकळून पाणी फेकलं असतंत, तर बरंचसं निघून गेलं असतं."

खिडकीजवळच्या टेबलावर काय मोजत होते, ते आता तिला कोणी सांगायला नको होतं.

बहिणीला मधुमेह, तिचं मूत्रपिंड चालेना. नवऱ्याचं जुळलं. ठणठणीत आहे, असं तपासणारे म्हणाले. देतो, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि वॉर्डभर देवमाणूस ठरला. नर्स त्याला चहा आणून देऊ लागल्या. कोणी नसताना तो तिच्या कानाशी वाकला.

"माझा तुकडा पोटात घेऊन आता पळशील कुठं, शेळे?"

दुसऱ्या दिवशी तो रक्त द्यायला खाली गेला, तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, की देणाऱ्या माणसाला नंतर त्रास किती होतो.

"चालेल-फिरेल तो लगेच," बाई म्हणाल्या. "पण दोन महिने जड काही उचलायचं नाही." त्यांची नजर तिच्या मानेवरच्या बोटांच्या खुणांवर गेली. "हातसुद्धा नाही. टाके तुटतील."

बाई गेल्यावर तिनं उशीखालचा फोन काढला.

"ताई," ती म्हणाली, "खोली झाडून ठेव."