गडद फळीची ओळ

ताईच्या पत्राला त्याने चार महिने उत्तर दिलं नव्हतं. घडी घालून शब्दकोशात ठेवलेलं ते पत्र, आज पुस्तकं खोक्यांत भरताना नेमकं सुनेच्या पायाशी पडलं. पानभर मिळून पाचच ओळी. अक्षरं बोटभर उंच, जाड काळ्या पेनाने काढलेली. "बाळ, आता मला एवढंच मोठं दिसतं. बाकी सगळं धुकं. तुझ्याकडे राहायला येऊ का? नको असेल तर सरळ नको म्हण."

"आत्यांना अजून उत्तर नाही दिलंत?" सून म्हणाली. "आम्ही तर कधीच हो म्हणून बसलोय, बाबा."

"लिहितोय," तो म्हणाला.

लिहीत होताच. सात मसुदे फाडून झाले होते. फोनवर त्याची गाडी 'बरी आहेस ना'च्या पुढे कधी जात नसे. आणि जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासल्यामुळे स्वतःचं वाक्य दिसलं की त्यातली चूक आधी दिसे. 'नको' लिहायचं नव्हतंच. पण 'ये' तरी कसं लिहावं? स्वतःच्या घरात ताई भिंती चाचपत फिरे. तिथला कोपरान् कोपरा तिच्या हाताला पाठ होता. इथे ती दारातच गोंधळली असती, आणि कुणाला त्रास नको म्हणून एका खुर्चीत दिवसचे दिवस बसून राहिली असती. त्याला वाचायला तिनेच शिकवलं होतं. लहानपणी एक ओळ संपली की तो थेट तिसरीवर उडी मारी. ताई ओळीखाली बोट धरून म्हणे, "ओळ सोडू नकोस."

घरात सध्या वेगळंच युद्ध पेटलं होतं. लाकडी जमीन करायची होती. मुलाला गडद लाकूड हवं होतं, सुनेला फिकट.

"गडद कसं भारदस्त दिसतं," मुलगा म्हणाला.

"धुळीचा एकेक कण हजेरी लावतो त्यावर. पुसणार कोण?"

"फिकटावर डाग दिसतात."

"चहा कपातच ठेवलास तर नाही दिसणार."

सुताराची ही तिसरी खेप. त्याने दाराशी दहा फिकट फळ्या अंथरल्या आणि तुलनेसाठी मधोमध एक गडद ठेवली. "काका, अजून थोडं थांबलो तर या फळ्यांना पालवी फुटेल. घर तुमचं. तुम्हीच सांगून टाका."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. असं कुणी पाहिलं की त्याचे कान तापत. वेळ काढायला म्हणून त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. खोकी, मुलगा, सुतार सगळे एकमेकांत मिसळले. फिकट फळ्यांचा नुसता एक कागद झाला. त्यावर ती गडद फळी तेवढी सरळ, स्वच्छ दिसत होती.

चष्मा हातातच राहिला.

"दोन्ही," तो म्हणाला.

"दोन्ही म्हणजे?"

"जमीन सगळी फिकट. त्यात गडद एकच पट्टी, वीतभर रुंद. बाहेरच्या दारापासून मागच्या खोलीतल्या पलंगापर्यंत, तिथून न्हाणीघर, आणि तिथून माझ्या खुर्चीपाशी. कुठेही तुटता कामा नये."

"बाबा, हे घर आहे की विमानतळ?"

"गप रे," सून म्हणाली. "दादा, यांचा विचार बदलायच्या आत फळ्या कापायला घ्या."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "पंचवीस वर्षं जमिनी करतोय. असं कुणी सांगितलं नव्हतं."

"चुकतंय का काही?" त्याने लगेच घाबरून विचारलं.

"चूक नाही. नवीन आहे."

काम नऊ दिवस चाललं. रोज संध्याकाळी तो चष्मा खिशात ठेवून पट्टीवरून चालून बघे, मुद्रित तपासावं तसा. एकदाच धडकला, तोही वाकून खिळा शोधणाऱ्या सुतारावर. "हा दोष जमिनीचा धरायचा नाही," सुतार कंबर चोळत म्हणाला.

दहाव्या दिवशी दुपारी हत्यारं न्यायला आलेल्या सुताराकडून त्याने जाड काळा मार्कर मागून घेतला आणि मसुदा न करता लिहिलं. पुन्हा वाचलं नाही. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. आत पाचच ओळी होत्या, बोटभर उंच अक्षरांच्या:

"ताई, ये.
दारातून आत आलीस की
खाली बघ. एक काळी
ओळ आहे. शेवटी मी.
ओळ सोडू नकोस."