यादीत सगळ्यात वर

“डुलकी नाही लागली मला,” सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाल्या.

टेबलापलीकडे मोठे डॉक्टर आणि चौकशीचे दोन साहेब बसले होते. बाजूच्या खुर्चीत गेलेल्या माणसाची मुलगी. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“मग माझे बाबा तडफडत होते तेव्हा तुम्ही काय बघत होतात?”

“ठोके. खाट चारचे. पडद्यावर चांगले चालले होते गं.”

एक साहेब हसला. मेलेल्या माणसाचे ठोके! चोवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं थाप मारावी, ती अशी?

दाराशी उभ्या असलेल्या कॉम्प्युटरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पेशंटचे ठोके सिस्टरांच्या टेबलावरच्या संगणकावर दिसत. तो संगणक चालवायला त्यानेच लिनक्सच्या तीन सिस्टिम बसवल्या होत्या. जुनी, नवी आणि एक चाचणीची. संगणक सुरू झाला की तिन्हींची यादी येई. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही, तर सगळ्यात वरची आपोआप चालू होई. सोमवारी त्याला चाचणीचं काम होतं. दर वेळी बटणं कोण दाबत बसणार, म्हणून त्याने चाचणीची सिस्टिम वर नेऊन ठेवली. पुन्हा खाली आणायची राहून गेली. मंगळवारी दुपारी वीज गेली आणि आली. संगणक आपला आपण सुरू झाला. चाचणीच्या सिस्टिममध्ये खरा पेशंट नसतोच. आधी नोंदवून ठेवलेले ठोके तिथे प्रत्येक खाटेच्या नावापुढे फिरून फिरून दिसत राहतात.

पेशंट गेल्याची बातमी कळली तशी त्याने धावत जाऊन आधी यादी नीट करून संगणक पुन्हा सुरू केला होता. आता कुणाच्या बापाला पत्ता लागणार नव्हता.

“संगणकात काही दोष?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. आता नव्हताच.

“ठीक. कामात हलगर्जीपणा. सिस्टर, इथे सही करा.”

सिस्टरांनी पेन उचललं. त्यांना सही धड जमेना, शेवटी त्या मुलीनेच पुढे होऊन कागद दाबून धरला.

“थांबा,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “सिस्टर खोटं बोलत नाहीत. चाचणीसाठी मीच छातीला तारा लावून आडवा झालो होतो. त्यांना दिसले ते ठोके माझे होते.”