ब्रॅडमन वगळून

डॉक्टरांना कोल्हापूरच्या मोटारीत बसवून अण्णाप्पा मास्तर परत आले, तेव्हा नेमगोंडा अंथरुणात तळमळत होते. ना या कुशीवर चैन, ना त्या. निपाणीत तंबाखूची वखार चालवणारे नेमगोंडा आणि हे शाळामास्तर जिवाभावाचे दोस्त. पण ऑस्ट्रेलियाच्या आजवरच्या क्रिकेट खेळाडूंतून अकरा जण निवडायचे म्हटलं, की दोघांचं वीस वर्षं हाडवैर. विकेटकीपर मास्तरांचा ओल्डफिल्ड की नेमगोंडांचा ब्लॅकहॅम, यावरून एकदा तर महिनाभर अबोला होता.

"विसावा घे म्हणालेत डॉक्टर," मास्तर म्हणाले. "बरं, टीम सांग बघू."

"सलामीला ट्रंपर."

या नावावर मास्तर नेहमी पॉन्सफर्डसाठी हमरीतुमरीवर यायचे. आज म्हणाले, "व्हय, ट्रंपरच."

"विकेटकीपर ब्लॅकहॅम."

"बेस. ओल्डफिल्डपरास लई चांगला."

नेमगोंडा उठून बसले. पाणी मागितलं आणि न पिताच पेला खाली ठेवला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. ब्रॅडमनवर मात्र दोघांचं कधीच दुमत नव्हतं. त्याच्याशिवाय टीम करणाऱ्याला मास्तरांनी घराबाहेर काढलं असतं.

"अन् ब्रॅडमनला मी घेत न्हाय," नेमगोंडा त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाले.

"ऱ्हाऊ दे की. तुझी टीम हाय, तुझ्या मनासारखी कर."

नेमगोंडांची सारी तळमळ एकाएकी थांबली.

"अण्णाप्पा, हिकडं बघ. किती दिवस सांगितल्यात रं डॉक्टरनं?"